राक्षसाच्या पोरीला कडू घास

अक्का, तुझ्या कपाळावर दोन घाव होते. जुना माझ्या आईनं केलेला, जेलातल्या ताटाच्या कडेचा. नवा गेल्या आठवड्यातला, काठीचा. दवाखान्यात पट्टी बदलताना नर्सनं जुन्यावर बोट ठेवून विचारलं, "हे कशाचं हो आजी?" डोकं फुटलेलं, एक डोळा सुजून बंद, तरी तू म्हणालीस, "ती मैत्रिणीची सही हाय." नर्स हसली. आई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती हसली नाही, पदर तोंडात धरून तशीच उभी राहिली.

काल तुझा तिसरा दिवस झाला. पेपरात बातमी आली, फोटोसकट. तू गायरानाच्या लढ्यातली जुनी कार्यकर्ती, तू अमुक मोर्चात, तू तमुक वेळा तुरुंगात. शेवटी, जागा उरली म्हणून टाकावी तशी एक ओळ की तू लहान मुलांसाठी गोष्टी लिहिल्यास. मी ती बातमी आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, "असली कशी बातमी? मेन तेच न्हाई." मग आम्ही दोघी भांड्यांच्या रॅकपाशी बसून खूप रडलो.

मेन म्हणजे तो नळ. बायकांच्या बराकीसमोरचा, आणि त्याच्याभोवती बसलेली आम्ही पोरं. माझ्या आईनं माझ्या बापाला वरवंट्यानं मारलं होतं. हे वाक्य मी शाळेच्या स्टाफरूममध्ये आजवर उच्चारलेलं नाही, तुझ्यासमोर मात्र ते भाजीचा भाव सांगावा इतकं सहज निघायचं. बापाकडची माणसं मला घ्यायला तयार नव्हती, मावशीच्या घरचे अजून कचरत होते, म्हणून मी आईच्या बोटाला धरून आत आले. पाच वर्षांची असेन. आईची शुद्ध हरपल्यासारखी झाली होती. पहिल्या संध्याकाळी तूच मला ओढून मांडीवर घेतलंस आणि तुझ्या ताटातली भाकरी चुरून भरवलीस. ती कुणी दिली, का दिली, मला कळत नव्हतं. मी फक्त खात होते.

तू तेव्हा आत का होतीस, हे मोठं झाल्यावर कळलं. गावच्या चराईची पडीक जमीन तुम्ही भूमिहीनांनी कसायला घेतली, गावातल्या बड्या मालकाची माणसं पीक मोडायला आली आणि त्यातल्या एकाचा पाय तू कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोडलास. बाकीचे कार्यकर्ते कोर्टात म्हणायचे की आरोप खोटे आहेत. तू म्हणायचीस, "मोडला. खोटं काहून बोलू?" तुझ्या वकिलाला तू एकही केस सुखानं लढू दिली नाहीस. ठाण्यात तुझ्या तळपायांवर एवढं मारलं होतं की बराकीत तू भिंत धरून चालायचीस. रात्रीची बंदी व्हायच्या आधी, ऊन कलल्यावर, त्या सुजलेल्या पायांवर नळाचं पाणी सोडून तू आम्हाला गोष्ट सांगायचीस.

गोष्ट रोज एकच. एक राक्षस असायचा, तो कुणाचं तरी काहीतरी खायचा, आणि शेवटी मरायचा. बदलायचं ते फक्त हत्यार. तू आधी विचारायचीस, "आज मार कुणाला बसला?" ज्या लेकराला त्या दिवशी मार बसला असेल, ते हात वर करायचं, आणि राक्षस कशानं मारायचा हे तेच ठरवायचं. हा तुझा कायदा होता. बाहेरच्या पोरांच्या गोष्टीत तलवारी असतात, बाण असतात. आम्हाला ते कुठून माहीत असणार? आमचा राक्षस बादलीत बुडाला, खराट्यानं त्याचे डोळे फुटले, एकदा तर वरणाच्या पातेल्यात तो दोन दिवस शिजला आणि तरी वातड राहिला. आतड्यांचा दोर व्हायचा, कवटीची वाटी व्हायची. आम्ही हसून हसून लोळायचो. पलीकडच्या बायका म्हणायच्या, "काय सांगून राहिली ही लेकरांना!" तू म्हणायचीस, "लेकरांनीच सांगितलं, मी कुठं?"

मला मार बसेना, म्हणून माझी पाळी येईना. आई मला मारत नव्हती, बोलतही नव्हती. मग एक दिवस मी तिचा पदर ओढून ओढून विचारलं की बाबा कधी येणार, आणि तिनं माझ्या थोबाडीत दिली. संध्याकाळी मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. तू म्हणालीस, "बोल बारके, कशानं?"

मी म्हणाले, "वरवंट्यानं."

तुझ्या तोंडाकडं मी बघत होते, म्हणून मला अजून आठवतं, तू क्षणभर डोळे मिटलेस. पण कायदा तो कायदा. तू सांगितलीस गोष्ट. राक्षस झोपलेला, तोंड उघडं, एका बाईनं वरवंटा उचलला आणि त्याच्या कानशिलावर घातला, एकदा, दुसऱ्यांदा, मेंदू भिंतीला चिकटला, आणि सगळं गाव नाचलं. गाव नाचलं तेव्हा आई धावत आली. हातात जेवणाचं ताट होतं. ते तिनं आडवं फिरवलं आणि तुझं कपाळ फोडलं. तुझं रक्त माझ्या फ्रॉकवर आलं. तिला चौघींनी धरलं. ती ओरडत होती, "राक्षस नव्हता तो. दारू उतरली की माझ्या लेकीला उरसातून रेवड्या आणायचा, राक्षस नव्हता."

तू तक्रार केली नाहीस. पाय घसरून पडले, असं सांगितलंस. आयुष्यात बहुतेक तेवढंच एक खोटं बोललीस. दुसऱ्या दिवशी आई स्वतः तुझ्याजवळ येऊन बसली आणि कुणाला काही न विचारता तुझे तळपाय चोळू लागली. पुढं शिक्षा भोगून आई बाहेर आली, तरी तू नांदेडला आमच्या घरी आलीस की पहिलं काम तेच, खोबरेल तेल आणि तुझे पाय. चोळता चोळता ती तुला शिव्या द्यायची आणि तू तिला. असली मैत्री मी दुसरी पाहिली नाही.

सहा वर्षांची झाल्यावर मला बराकीत ठेवता येईना. मावशीनं अखेर मला शिरूर अनंतपाळला नेलं. तिथल्या शाळेत तू भेटायला आलीस, सुटल्यावर काही महिन्यांनी, पिशवीत तुझं पुस्तक घेऊन. पुस्तक कसलं, खळ लावून चिकटवलेली पातळ पुस्तिका. तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात विनोदी प्रकरण त्या पुस्तिकेचंच. नांदेडला इस्माईलचाचांच्या छापखान्यात लग्नपत्रिकांच्या मधे मधे ती छापली गेली आणि आठ दिवसांत पोलीस दारात. तुला आणि चाचांना समोरासमोर बसवून एक साहेब गोष्टी वाचत होते, मोठ्यानं, ओळीखाली बोट धरून. मधेच थांबून त्यांनी विचारलं, "हा राक्षस म्हणजे नेमका कोण?"

"राक्षस म्हणजे राक्षस, सायेब."

"नाव सांगा."

तू म्हणालीस, "तुम्हाला कुणासारखा वाटला?" साहेबांनी पान उलटलं. चाचा टोपी काढून घाम पुसत म्हणाले, "अक्का, खुदा के वास्ते, उसका कुछ भी नाम बोल दो. माझ्या मशीनला कुलूप लागून राहिलंय." हे सांगताना तू चाचांचा आवाज काढायचीस आणि आई हसून तेलाची वाटी सांडायची. गठ्ठे जप्त झाले. बहुतेक कुठल्याशा खोलीत वाळवीनं खाल्ले असतील. पण पुस्तिका पोरांच्या तोंडी गेली होती, आणि तोंडं जप्त करायची सोय अजून निघालेली नाही.

आपलं भांडण त्यानंतरचं, अक्का. ते कधी मिटलं नाही. मी शिक्षिका झाले आणि वर्गात तुझ्या गोष्टी सांगायला गेले, तर राक्षस मेला की गाव नाचायच्या आधीच मी पाढे घ्यायला लागायचे. कंधारच्या स्टँडवर आपण एसटीची वाट बघत होतो. मी म्हणाले, "तुझ्या गोष्टीत राक्षसासाठी कुणीच का रडत नाही?"

"काहून रडावं?"

"त्याला पोरगी असेल तर?"

"राक्षसाला पोरगी नसतीय."

"मी आहे की."

मग तुझा आवाज चढला. लई शिकलीस, म्हणालीस. ज्यांना रोज तुडवलं जातं त्यांच्या लेकरांना निदान गोष्टीत तरी जिंकू द्या, तिथंही राक्षसाची कीव करायला लावली तर ती पोरं जन्मभर वाकून चालतील. मी म्हणाले, मी जन्मभर तुझ्या गोष्टीतलं नाचणारं गाव स्वप्नात बघते. गाव नाचतंय आणि मी मधे उभी. तू म्हणालीस, "मग तू तुझी गोष्ट लिही. माझ्या गोष्टीत रडारड चालायची न्हाई." एसटी आली. तू माझ्यासाठी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलीस, आणि नांदेड येईपर्यंत आपण एक शब्द बोललो नाही. उतरताना मात्र तू माझ्या हातात शेंगदाण्यांची पुडी कोंबलीस. तुझा राग असाच होता, पोटभर खाऊ घालणारा.

आणि मग तो दिवस. कंधारच्या पुढं माळावर तुमची वस्ती, समोर फुलावर आलेली तूर. सकाळीच पीक मोडायला ट्रॅक्टर आला, मागं नांगर, दोन्ही बाजूंना काठ्या घेतलेली माणसं. तू या वयात, धड चालता येत नसताना, ट्रॅक्टरसमोर फतकल मारून बसलीस. वस्तीतल्या बाया सांगतात, पहिली काठी हातावर बसली, दुसरी डोक्यात. तुझ्या तोंडातून आवाज आला नाही, तू नुसती एका बाजूला कलंडलीस. मग वस्तीनं दगड उचलले. बायांनी, म्हाताऱ्यांनी, पोरांनीसुद्धा. ट्रॅक्टरवर बसलेला तो तरुण होता, रोजानं आलेला. त्याच्या हातात काठीही नव्हती, तो तुला वळसा घालून ट्रॅक्टर तुरीत घालत होता. दगड त्याच्या कानशिलावर बसला, तो सीटवरून घसरला आणि चालत्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाखाली आला, तिथून नांगराखाली. तुरीच्या तासात त्याचं जे पसरलं होतं ते वेचायला त्याच्या भावाला धोतर अंथरावं लागलं. कानशिलावर, अक्का. तुझ्या गोष्टीत असतं तस्संच.

दगड कुणाचा, हे पोलीस अजून विचारून राहिलेत. कुणालाच माहीत नाही.

तुला शुद्ध आली तेव्हा मी जवळ होते. मला वाटलं, जमिनीचं विचारशील. तू विचारलंस, "मेला तो कोण?" मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, शेजारचंच. मग म्हणालीस, "लेकरं?"

"एक पोरगी आहे. शाळेत जाते."

तुझ्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं आणि कानात गेलं. ते मी पुसलं. आपल्या एवढ्या वर्षांच्या भांडणात मी जिंकले होते, आणि त्या जिंकण्याला आग लागो. तू माझं मनगट धरलंस, पकड अजून तशीच होती. "वस्तीतली लेकरं गोष्ट मागतील, बारके. मला न्हाई सांगता यायची. तू सांग." मी विचारलं, काय सांगू? तू उत्तर दिलं नाहीस. दुसऱ्या दिवशी गेलीस. शेवट न सांगता उठून जायची तुझी सवयच नव्हती, म्हणून मला तुझा इतका राग आला की मी दवाखान्याच्या जिन्यात भिंतीवर मूठ आपटली. बोट अजून सुजलेलं आहे.

तर काल आम्ही वस्तीवर गेलो, मी आणि आई. तुझ्या झोपडीसमोर माणसं बसली होती. पोरं मात्र गोल करून माझ्याभोवती आली, कुणी न सांगता. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि मला दुसरं काही सुचेना. मी विचारलं, "आज मार कुणाला बसला?"

कुणी हात वर केला नाही. मग राणी उठली. तीच गं, तुझ्या मागं मागं असणारी, पुढचे दात पडलेली. ती म्हणाली, "मॅडम, मी दगड मारला व्हता. माझाच लागला का त्याला?"

अक्का, तिच्या आईनं धावत येऊन तिचं तोंड दाबलं. मला तू हवी होतीस. मला तुझा तो मोठा आवाज हवा होता, जो म्हणाला असता, लागला तर लागला, राक्षसालाच लागला. पण त्या पोरीच्या डोळ्यांत मी माझी आई पाहिली आणि मलाही पाहिलं. दोघी एकाच वेळी.

मी राणीला मांडीवर घेतलं आणि गोष्ट सुरू केली. एक राक्षस होता, ट्रॅक्टरवर बसून आला, तूर खायला लागला. लोकांनी दगड मारले. कुणाचा लागला? सगळ्यांचा. राक्षस पडला. पोरं नाचायला उठली, गोष्टीची ती जागा त्यांना पाठ आहे. मी म्हणाले, "बसा. अजून संपली नाही. जवळ जाऊन बघतात तर तो राक्षस नव्हताच, एका पोरीचा बाप होता. त्या दिवशी गावात कुणाची चूल पेटली नाही."

"मग ती पोरगी काय जेवली?" राणीनं विचारलं.

मला खरंच माहीत नव्हतं. आई मागं बसून ऐकत होती. ती उठली, गुडघ्यांवर हात दाबत, आणि शेजारणीच्या दारातल्या चुलीकडं गेली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, दुसऱ्यांनी भाकरी न्यायची, त्याला आपण कडू घास म्हणतो, हे पोरांना सांगायची गरज नव्हती. शेजारणीनं पीठ आणून दिलं. आई थापायला बसली. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. एक जण स्पष्टच म्हणाली, "आमच्या अक्काला मारणाऱ्यांना भाकरी?" आईनं मान वर केली नाही. "मला जेलात नेलं त्या दिवशी माझ्या लेकीला तुमच्या अक्कानंच कडू घास दिला. मी दिला नसता, मला सुधच नव्हती." राणी येऊन तिच्याजवळ बसली आणि तिनंही एक भाकरी थापली, छोटी, एका कडेला फाटलेली.

आई आणि मी रिक्षानं त्या गावात गेलो. त्याच्या दारात माणसं होती. आम्ही कोण, कुठून आलो, हे आईनं सरळ सांगून टाकलं. मी मनात तुला म्हणाले, बघ, ही पण खोटं बोलत नाही. त्याचा भाऊ उठला. त्यानं आईच्या हातातलं फडकं हिसकावलं आणि अंगणात भिरकावलं. भाकऱ्या धुळीत गेल्या. त्यानं आईला धक्का दिला, ती उंबऱ्यापाशी पडली, कोपर फुटलं. मी ओरडले. आई म्हणाली, "थांब गं. मारू दे त्याला. त्याचाही माणूस गेलाय." तो परत हात उगारून तसाच उभा राहिला, हात खाली कसा आणावा हे विसरल्यासारखा. मग भिंतीला डोकं टेकून तो हंबरायला लागला.

तेवढ्यात आतून ती आली. राणीएवढीच. शाळेचा गणवेश अंगावर, बहुधा त्या दिवसापासून काढलाच नसेल. तिनं अंगणातल्या सगळ्या भाकऱ्यांकडं पाहिलं आणि नेमकी ती फाटकी छोटी उचलली. फुंकर मारून धूळ उडवली. माझ्या आईशेजारी उंबऱ्यावर बसून ती खायला लागली, भराभर. आईच्या कोपरातून रक्त गळत होतं, तरी तिनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला.

गाव नाचत नव्हतं, अक्का. मी नीट बघून घेतलं. कुणीही नाचत नव्हतं.

अर्धी भाकरी संपल्यावर पोरीनं मान वर केली आणि आईला विचारलं, "संगट कालवण न्हाई का?"

आई म्हणाली, "आज न्हाई बाई. उद्या आणते."

आज सकाळपासून आईनं पाट्यावर वाटण काढलंय. वरवंटा नेहमीसारखा मीच धुऊन दिला. बेसन झालं की आम्ही निघतो.